आधी चौकीवर वर्ग घ्या

आमच्या गल्लीतला एक पोरगा. नाव सांगत नाही. त्याचं नाव आधीच पुष्कळ रजिस्टरांत चढलंय, त्यात आपल्या अंकाची भर नको.

मोबाइल हिसकावल्याची केस. चौदा महिने आत होता, कच्चा कैदी म्हणून. कच्चा म्हणजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय असा. आत एक संस्था यायची, आठवड्यातून दोनदा. बाई चांगल्या होत्या म्हणतो. घाम पुसत पुसत शिकवायच्या, कुणाला अरेतुरे नाही. फळ्यावर लिहायच्या : ‘आंतरवैयक्तिक कौशल्ये’. पोरांच्या जिभेला तो शब्द वळेना. त्यांनी आपलं नाव ठेवलं, गोडबोले तास.

तर या गोडबोले तासाला काय शिकवलं? राग आला की मनात दहा आकडे मोजायचे. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं. ‘तू असं केलंस’ म्हणायचं नाही, ‘मला असं वाटलं’ म्हणायचं. ताठ बसायचं, खांदे पाडायचे नाहीत. आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलायचं. मग नाटक. एक पोरगा मालक, एक नोकर. मालक झालेला पोरगा इतका चोख मालक झाला की सगळी बराक हसून लोळली. शेवटी रंगीत सर्टिफिकेट मिळालं, कडेला वेलबुट्टी.

जामिनावर सुटला. दोन महिन्यांनी गणपती आले. गणपतीच्या आधी आमच्याकडे दरसालचा एक विधी असतो, तो पुराणात नाही, पोलीस खात्यात आहे. रेकॉर्डवरची पोरं चौकीवर बोलवायची, भिंतीला ओळीनं बसवायची, फोटो काढायचे आणि चॅप्टर केसचा बॉण्ड लिहून घ्यायचा, की मी चांगला वागेन. हवालदारानं विचारलं, काय करतोस हल्ली? पोरगा ताठ बसला. डोळ्यात डोळे घातले. म्हणाला, ‘साहेब, मला असं वाटतं की...’

कानाखाली बसली. ‘नजर खाली कर. शहाणा झालास काय रे आत जाऊन?’

मी त्याला विचारलं, दहा आकडे मोजलेस का?

‘मोजत होतो ना. सहाव्याला दुसरी बसली.’

दोस्तांनो, हसू आलं असेल तर हसून घ्या. तोही हसला. पण या दोन थपडांत सगळा वाद आहे. गुन्हेगार पुन्हा गुन्हा का करतो, या प्रश्नाला पांढरपेशा सुधारकांनी एक उत्तर शोधून काढलंय. त्याला नीट बोलता येत नाही म्हणून. राग आवरत नाही म्हणून, माणसांत वावरायची रीत नाही म्हणून. म्हणजे गुन्हा कुठं आहे? त्याच्या जिभेत. तुरुंगानं जीभ सुधारली की झालं पुनर्वसन. तुरुंग खात्याच्या ब्रीदातच ‘सुधारणा व पुनर्वसन’ आहे. सुधारणा सोपी, तिला फळा आणि खडू पुरतो. पुनर्वसनाला खोली लागते, काम लागतं, जामीनदार लागतो. म्हणून पहिला शब्द रोज चालतो आणि दुसरा बोर्डावर राहतो.

मला एक सांगा. २०२२ सालाच्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. शंभरातली ७५ माणसं अशी, की ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. त्यांना तुम्ही शिकवताय, पुन्हा गुन्हा करू नका. अरे, पुन्हा? पहिला तरी ठरू द्या की!

आणि कौशल्य कुणाला शिकवताय? मुंबईच्या आर्थर रोडची क्षमता ८०४ माणसांची धरलेली होती. तिथं तीन तीन हजारांवर माणसं कोंबली गेलीत. रात्री पाठीवर झोपता येत नाही, कुशीवर झोपायचं. एकानं कूस बदलली की ओळच्या ओळ बदलते. ज्याची भाषा कळत नाही त्याच्या पायाशी डोकं ठेवून, संडासाच्या रांगेवरून मारामारी न करता, वॉर्डरचा मूड बघून, भाईची मर्जी सांभाळून जो चौदा महिने काढतो, त्याला माणसांत वावरायचं कौशल्य नाही? ती कुशीची रात्र एकदा सुधारकांनी काढून बघावी. बाहेर त्याची आई मुलाकातीच्या रांगेत सकाळपासून उभी. शिपायाला किती गोड बोलायचं, कुठं रडायचं, कुठं गप्प बसायचं हे तिला कुठल्या तासाला शिकवलं होतं? आमच्या माणसांचं अख्खं आयुष्य समोरच्याचा चेहरा वाचण्यात जातं. ज्याचं पोट दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याला मर्जी ओळखावीच लागते.

बरं, तुरुंगाला आमची कौशल्यं ठाऊक नव्हती असंही नाही. मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलेली होती. उत्तर प्रदेशच्या नियमात होतं की साध्या कैदेतल्या माणसाला हलकं, घाणीचं काम सांगू नये, मात्र तो असं काम करायची सवय असलेल्या जमातीचा असेल तर गोष्ट वेगळी. सवय! पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पाटी दिली आणि तिला सवय म्हणायचं. पश्चिम बंगालच्या नियमात स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्यानं करायचा, झाडू मारायला मेथर आणि हाडी. मध्य प्रदेशच्या १९८७ च्या मॅन्युअलमध्ये विमुक्त जमातीच्या कुठल्याही माणसाला सराईत गुन्हेगार धरायची मोकळीक. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना खोडायला सांगितला. हा खटला एका पत्रकार बाईनं नेला. सुधारकांनी नाही. ज्या संस्था वर्षानुवर्षं आत जाऊन फळ्यावर ‘संवाद’ लिहीत होत्या, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीशी जात बघून झाडू वाटला जात असेल तर त्यांना तो दिसला नाही? की दिसला आणि त्यांनी दहा आकडे मोजले?

सराईत हा शब्द आला म्हणून थोडं मागं जाऊ. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आईच्या पोटातूनच माणूस गुन्हेगार. पारधी, कैकाडी, अशा कैक जमाती त्यात गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, हजेरी लावली. तेव्हाही तोंडी शब्द सुधारणेचाच होता बरं का. देशात कित्येक ठिकाणी अशा वसाहती मुक्तिफौजेच्या ताब्यात होत्या, चांगलं वागायला शिकवायला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. गेला म्हणजे कपडे बदलून आला. १९५९ साली मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७ मध्ये भारताला सांगितलं की हे सराईताचे कायदे रद्द करा. कुणी मनावर घेतलं?

शहरातल्या पोरांनी असं समजू नये की ही भानगड पारध्या-कैकाड्यांची आहे. आपल्या राज्यात १९८१ चा एक स्थानबद्धतेचा कायदा आहे. त्याच्या नावातच पहिला शब्द ‘झोपडपट्टीदादा’. बंगलेदादा, टॉवरदादा असा शब्द कुठल्या कायद्याच्या नावात वाचलाय? बँक बुडवणारा कधी सराईत होत नाही, तो फार तर ‘आर्थिक अडचणीत’ येतो.

आता गोडबोले तासाची खरी परीक्षा कुठं झाली ते सांगतो. अमेरिकेत. पँथर हे नाव आपण तिकडच्या काळ्या पोरांकडून घेतलं, तेव्हा त्यांच्याकडची ही गोष्टही घ्यायला हरकत नाही. २००१ साली मिल्वॉकी शहरात डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईनं एक प्रयोग केला. कॉलेजची चार पोरं घेतली. सगळी २३ वर्षांची, बोलण्यात-वागण्यात पक्की, तालीम देऊन तयार केलेली. दोन गोरी, दोन काळी. त्यांना ३५० मालकांकडे साध्यासुध्या नोकऱ्या मागायला पाठवलं. गोऱ्यांची जोडी वेगळी, काळ्यांची वेगळी. प्रत्येक जोडीत एकानं सांगायचं की मी तुरुंगात जाऊन आलोय, आणि ही पाळी आलटून पालटून. म्हणजे काय, तर बोलायचं कौशल्य सारखं. ताठ बसणं सारखं. डोळ्यात डोळे सारखे. फरक फक्त शिक्क्याचा आणि कातडीचा.

निकाल ऐका. शिक्का नसलेल्या गोऱ्याला शंभरात ३४ मालकांनी परत बोलावलं. शिक्का असलेल्या गोऱ्याला १७. शिक्का नसलेल्या काळ्याला १४. शिक्का असलेल्या काळ्याला ५.

पुन्हा वाचा. तुरुंगात जाऊन आलेला गोरा, कधीच न गेलेल्या काळ्याच्या पुढं! काळ्याची कातडी हाच जन्मजात तुरुंगवास. पुढं न्यूयॉर्कमध्ये त्यांनी असाच दुसरा प्रयोग केला, त्यात दिसलं की मालक समोर बसून दोन शब्द बोलला तर शिक्क्याची धार थोडी कमी होते. म्हणजे गोडबोले तास अगदीच फुकट नाही. पण काळ्या पोराला मालकासमोर बसायची वेळच कमी वेळा येते. दार उघडलं तर बोलणार ना?

हे अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी पेपरातल्या जाहिराती बघून खाजगी कंपन्यांना हजारो अर्ज पाठवले होते. २००७ साली तो अभ्यास छापून आला. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं यायची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश. मुसलमान नावाला एक तृतीयांश. आणि ही माणसं तुरुंगात गेलेली नव्हती. आता आडनाव आणि शिक्का दोन्ही एका पोराच्या अंगावर घाला.

आमचा पोरगा घालून बसलाय. माल घरपोच करणाऱ्या एका कंपनीत गेला. मुलाखत झकास झाली. त्यानं सर्टिफिकेट नेलं नाही, अक्कल आहे त्याला. साहेब म्हणाला, तुझं बोलणं चांगलं आहे, सोमवारपासून ये. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आण. दाखल्यावर काय येणार? केस प्रलंबित. केस त्यानं प्रलंबित ठेवलीय का? तारखा त्यानं पाडल्या का? सोमवारी तो गेला नाही. हल्ली नाक्यावर उभा असतो. त्यानं पुन्हा काही केलंय का विचाराल, तर अजून नाही. बघा, ‘अजून’ असं मीच लिहून गेलो. चौकी आपल्याही डोक्यात बसलीय ती अशी.

आता कुणी म्हणेल, तुम्ही सगळ्यालाच शिव्या देता, वर्गांचा काही फायदाच नाही का? आहे की. पोरगा स्वतः सांगतो. त्याला आत अर्ज लिहायला शिकवलं. वकिलाला काय विचारायचं ते शिकला. आईशी सहा महिने बोलत नव्हता, मुलाकातीत जाळीतून बोलायला लागला. हे थोडं नाही. आणि राग आमच्या पोरांना गिळतो हेही खरं आहे. बाहेर खाल्लेला मार घरात बायकोवर निघतो, त्याला काय क्रांती म्हणायचं? रागाला वळण पाहिजेच. पण वळण आणि वेसण यांत फरक आहे. बैलाला वेसण घालतात.

आणि विलायतेतून आणलेलं प्रत्येक औषध लागू पडतंच असंही नाही. तुरुंगाचा कायदा १८९४ चा, गोऱ्यांनी दिलेला. आता कौशल्याचे वर्गही तिकडचेच उचललेले, कॅनडा आणि इंग्लंडकडचे. इंग्लंडात विचार-कौशल्याच्या एका वर्गानं फायदा झाल्याचं २०१० च्या अभ्यासात दिसलं. पण लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षं चालवलेल्या दुसऱ्या एका वर्गाचा हिशेब त्यांच्याच न्याय खात्यानं २०१७ साली मांडला. वर्गात बसलेल्यांपैकी शंभरात १० जणांनी पुन्हा तसला गुन्हा केला. न बसलेल्यांपैकी ८ जणांनी! वर्ग बंद केला. आणि आकडे छापले. आपल्याकडे वर्गाच्या शेवटी फक्त फोटो छापतात, पाहुण्यांना शाल घालतानाचा.

मग माणूस परत आत जाऊ नये म्हणून उपयोगी काय पडतं? आपल्याच मातीत एक नमुना आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वातंत्र्याच्या आधीच कैद्यांची एक उघडी वसाहत वसवली, स्वतंत्रपूर. भिंत नाही. जमीन कसायला, बायकापोरं जवळ. याच कहाणीवर शांतारामबापूंनी १९५७ साली सिनेमा काढला, ‘दो आँखें बारह हाथ’. सिनेमा गाजला. पण नाव बघा. बारा हात कैद्यांचे आणि डोळे मात्र जेलरचे. हातांना डोळे असतात हे यांच्या स्वप्नातही येत नाही. स्वतंत्रपुरात माणसाच्या हातात जमीन होती, घर होतं, तेवढं विसरायचं आणि जेलरच्या प्रेमळ नजरेचा तेवढा वर्ग काढायचा. असं सगळं चाललंय.

जमीन, घर दूर राहिलं. साधा जामीन बघा. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याची केस सर्वोच्च न्यायालयात गेली. खालच्या कोर्टानं गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहतो म्हणाला तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी चांगलं खडसावलं. त्याला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली. आजही कोर्टाच्या आवारात ऐपतीचा दाखला म्हटलं की आमच्या आयाबाया हातातली पिशवी घट्ट धरतात. झोपडीचा कागद चालत नाही. भाड्याच्या खोलीचा चालत नाही. चालतो तो कागद ज्याच्याकडे असतो, त्याचा पोरगा मुळात आत जात नाही.

नवा कायदा आलाय, १ जुलै २०२४ पासून. त्याचं ४७९ वं कलम म्हणतं, पहिल्यांदा आरोपी झालेल्या कच्च्या कैद्यानं शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. वा! टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. पुढचं पोटकलम कुणी वाचलं? एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर सोडायचं नाही. आता आपल्या वस्तीतली पोरं मोजा. ३ जानेवारी २०१८ चा बंद आठवा. भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले म्हणून पोरं रस्त्यावर आली आणि रात्री वस्त्यांत कोंबिंग झालं, दारं वाजली, पोरं उचलली. असल्या मोर्चाची एक केस ज्याच्या अंगावर चालू आहे, तो उद्या कुठल्या भांडणात आत गेला की त्याच्या नावावर केसेस दोन. कायद्याच्या सवलतीतून तो बाद. तिथं त्याला कुणी कितीही गोड बोलायला शिकवू दे.

इथं मला आपल्याबद्दल बोलायचंय. सुधारकांना शिव्या देणं सोपं आहे, ते आपला अंक वाचत नाहीत. १४ एप्रिलच्या वर्गणीला हा पोरगा आपल्याला चालतो. मिरवणुकीत दोर धरायला चालतो. मोर्चात पुढच्या रांगेत, जिथं काठी आधी पडते तिथं चालतो. आत गेला की आपली तोंडं वाकडी. ‘तो तसला पोरगा, चळवळीला बट्टा लावतो.’ चौदा महिन्यांत त्याला भेटायला आपल्यातलं कोण गेलं? मीही एकदाच गेलो, रांग बघून परत फिरलो. कारण सांगितलं ड्यूटीचं. खरं कारण असं की गेटवरच्या वहीत माझं नाव चढेल याची मला भीती वाटली. सरकारी नोकरी आहे. बाबासाहेबांनी शिकवलं, संघटित व्हायला सांगितलं, ते आपण नोकरी टिकवायला वापरतोय. हवालदाराची नजर आणि आपली नजर यांत फरक काय राहिला? तो नजर खाली कर म्हणतो, आपण नजर फिरवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वर्ग घ्यायचाच तर आधी चौकीवर घ्या. फौजदाराला शिकवा की समोरचा डोळ्यात डोळे घालून बोलला तर तो उद्धट नसतो, नागरिक असतो. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या हे त्याला शिकवा. दहा आकडे त्याला मोजू द्या, हात त्याचा उठतो. दुसरा वर्ग मालकांचा घ्या. चारित्र्याच्या दाखल्यावर शाबीत न झालेल्या केसेस लिहायच्या नाहीत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. अमेरिकेत हवाई राज्यानं १९९८ मध्येच मालकांना बजावलं की आधी नोकरी देऊ करा, मग गुन्ह्याचं विचारा. आपल्या तुरुंगांच्या रजिस्टरांतून जातीचा रकाना खरोखर गेला का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. आपल्यातल्या किती वकिलांनी ते खर्च केले? आणि ज्या पोरांवर आंदोलनाच्या केसेस आहेत त्यांची यादी एकाही गटाकडे नाही. पुतळ्याच्या वर्गणीची यादी आहे, पावतीपुस्तकासकट.

येत्या रविवारी संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत बसतोय. भाषण नाही. ज्यांना पगार आहे त्यांनी पगारपत्रकाची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आणायची. जामीनदार कमी पडतात, शब्द नाही. दोन वकील दोस्त येतो म्हणालेत. पोरगाही येणार आहे. त्याला बराकीतल्या पोरांची नावं, बराक नंबर, पुढची तारीख सगळं तोंडपाठ आहे. ते सर्टिफिकेट घेऊन ये म्हटलंय त्याला. मागची बाजू कोरी आहे, यादी तिच्यावर लिहू.